गाडीची राखण

माझ्या धाकट्या भावाने गाडी घेतली आणि तिच्या राखणीला आमच्या आईला बसवलं. हे मी रागाच्या भरात वाढवून सांगत नाहीये.

गाडी नवी असतानाच अमरावतीत एका कापड दुकानाबाहेर कोणीतरी काच फोडून त्याची बॅग नेली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात भुंगा शिरला. स्टिअरिंगला लोखंडी दांडा आला, गिअरला कुलूप आलं, जरा धक्का लागला की बोंबलणारा सायरन आला. तरी जिवाला चैन नाही. शेवटी त्याला सगळ्यात स्वस्त उपाय सापडला. आत माणूस दिसलं की चोर फिरकत नाही म्हणे. मग बायको साड्या पाहायला जाणार, पोरं आइस्क्रीम खायला जाणार, आणि आई मागच्या सीटवर. ती हलली की सायरन वाजायचा, म्हणून जाताना तो सायरन बंद करून जायचा.

मी एकदा बोलले, तर म्हणाला, "तिले सवय आहे राखणीची."

आहेच. भातकुलीकडच्या आमच्या मळ्यात तिने जन्मभर रोह्यांपासून, म्हणजे नीलगायींपासून, भाजी राखली. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. त्याच भाजीच्या जिवावर हा शिकला. पण मळ्यात ती मालकीण होती. कंटाळली की बांधावरून फिरायची, शेजारणीला हाक मारायची. गाडीत मात्र पायाखालचं मॅट खराब होतं म्हणून तिने चपला काढून बसायचं. सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक त्याने अजून काढलेलं नव्हतं, ते उन्हात तिच्या पाठीला चिकटायचं. त्याच्याबरोबर निघायचं असलं की आई सकाळपासून पाणीच पीत नसे. "मंग उतरा लागते, बाई," ती मला हळूच म्हणाली होती. ते ऐकल्यापासून मला त्या गाडीची किळस आहे. तिच्यातल्या सेंटच्या डबीचा वास आला तरी मळमळतं.

भर वैशाखात अकोल्याला मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं. माझं सासर अकोल्याचंच. आईला त्या लग्नात एकाच माणसाला भेटायचं होतं, तिच्या बहिणीला. मावशी अंजनगाव सुर्जीला असते, दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. तिला तेवढ्यापुरतं आणणार होते आणि अक्षता पडल्या की लगेच परत नेणार होते. महिनाभर आई फोनवर दुसरं काही बोलली नाही.

मी पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. कार्यालयात गाड्यांना जागा नव्हती, म्हणून भावाची गाडी रस्त्यापलीकडे उन्हात उभी होती. काच चार बोटं खाली, आणि आत नव्या लुगड्यात आई.

"मावशी भेटली?"

"नाही अजून. जेवून येतो म्हणे तो."

"उतर आधी. मरू दे गाडी."

"अवं, सुनेचे दागिने आहेत बॅगीत. काही गेलं तं माह्याच नावानं बोंब."

मी बसते म्हटलं, तर तेही नको. "उद्या तुह्यावर आळ येईन."

मी तणतणत मागच्या मांडवात गेले. भाऊ पंगतीत बसून जिलेबी वाढणाऱ्याला हाक मारत होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "ताई, तुले माहीत नाही, लोकं लय गाड्या फोडून राहिले. वरण-भात घेतो अन् येतोच."

मी त्याच्या पुढचं ताट उचललं. सगळी पंगत बघायला लागली.

"काहून तमाशा करून राहिली?" तो हात पुसत उठला.

बाहेर आलो तर गाडीचं मागचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. भाऊ धावत सुटला. क्षणभर मला वाटलं, आईसाठीच धावतोय. त्याने आत डोकं घातलं, एकेक बॅग बाहेर ओढली, चेन उघडली, दागिन्यांचा डबा हलवून पाहिला.

"सगळं आहे," तो म्हणाला, आणि चक्क हसला.

मला त्याच्याकडे बघवेना. सीटखाली आईच्या चपला होत्या. वैशाखातल्या दुपारचं डांबर, आणि ती अनवाणी गेली होती. मी चपला उचलल्या.

कार्यालयाच्या फाटकाशी एक जुनी व्हॅन चालू होती आणि तिच्या खिडकीला धरून आई उभी होती, कधी या पायावर, कधी त्या पायावर. मावशीला उचलून बाहेर आणताना तिला गाडीतून दिसलं होतं. आत मावशी उशीला टेकून पडली होती. दोघींचे हात एकमेकींत होते. मावशीच्या मुलाने दोनदा हॉर्न वाजवला. मग व्हॅन निघून गेली. भेट झाली ती एवढीच.

मी चपला तिच्या पायांपुढे ठेवल्या.

"आहे का गाडी?" आईने विचारलं.

"आहे. तो तुलाच शोधत होता."

भाजलेले पाय चपलांत सारत ती म्हणाली, "खोटं नको सांगू. पयले बॅगा पाह्यल्या असतीन त्यानं."