तिसऱ्या घंटेआधी

मला माणसात आणलं ते आमच्या नाटकाच्या सरांनी. आई-वडिलांचे उपकार आहेतच, पण आज मी शेंद्र्याच्या एका कंपनीच्या ऑफिसात बसतो, चार लोकांत बोलताना अडखळत नाही आणि बिडकीनच्या आमच्या घरात पदवीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आहे, हे सगळं सरांमुळे. पुढे त्यांच्या दारूचा विषय येणार आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. लिहायला त्यांची परवानगी आहे. "लिही, फक्त मला बिचारा करू नकोस," एवढंच म्हणाले.

मी शहरातल्या कॉलेजात आलो तेव्हा 'नाय' म्हटलं तरी मागच्या बाकावरून हसू यायचं. सर तिथं तासिका तत्त्वावर नाटक शिकवायचे. आमचं सगळं गाव त्यांना ओळखत होतं. मुंबईच्या एका मालिकेत ते थोरला भाऊ होते आणि आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी त्यांचाच आवाज घुमायचा. एवढा मोठा नट आम्हा पहिल्या वर्षाच्या पोरांना श्वास कुठं घ्यायचा हे शिकवत का बसलाय, असा प्रश्न मला पडला होता. शेवटच्या तासाला त्यांचे लाल डोळे पाहिले आणि उत्तर मिळालं.

"एकदम कुणी काढून टाकत नाही रे," ते मला नंतर म्हणाले. सेटवर ते दोन-तीनदा उशिरा पोचले, तर लेखकानं थोरल्या भावाला चार भागांपुरतं परदेशी पाठवलं. चार भाग संपले, भाऊ परत आलाच नाही. मग नाटकांचे दौरे होते. एका प्रयोगात दुसऱ्या अंकात ते नुसते उभे राहिले, एक वाक्य आठवेना. समोरच्या अभिनेत्रीनं स्वतःची वाक्यं म्हटली, यांचीही फिरवून म्हटली आणि वीस मिनिटं अंक ओढून नेला. त्यानंतर फोन बंद झाले असं नाही. फोन यायचे, पण 'कसे आहात' विचारायला यायचे. कामाचं कुणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी माझं इंग्रजी राहिलं आणि वडिलांनी मला परत बोलावलं. आमच्याकडे मेंढरं. मेंढीला तिचं कोकरू वासावरून कळतं, तसा वडिलांना माणूस कळतो. सर एस.टी.नं बिडकीनला आले, कुंपणापाशी बाजेवर बसले.

"मास्तर, एक विषय नाय सुटत पोराला. कशाला उगं दिवस घालवायचे?" वडील म्हणाले.

"मलाही पहिल्यांदा सुटलं नव्हतं इंग्रजी. तरी मला टीव्हीवर बघताच की तुम्ही."

"बघत व्हतो. पण त्यो थोरला भाऊ परदेशी गेला त्यो आलाच नाय. कामून बरं?"

सर हसले. "येईल. तुम्ही पोराला शिकू द्या, तेवढ्यात येईल."

सर गेल्यावर वडील काठीनं माती उकरत बसले. मग म्हणाले, "वेलदोडा खाऊन आलता. आतून दुसराच वास व्हता. पण बोलला ते खरं बोलला. जा तू."

मी गेलो. सरांनी तीन महिने रोज सकाळी, कारण सकाळी ते बरे असायचे, मला इंग्रजीचे धडे मोठ्यानं वाचायला लावले. मी पास झालो, पुढे पदवीही झाली. तोवर सरांचे तास बंद झाले होते. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन पुंडलिकनगरच्या त्यांच्या खोलीवर गेलो. सकाळचे अकरा वाजले होते. आतून त्यांना कडी काढता येईना. कडी वाजत होती, पडत होती, परत वाजत होती. शेवटी दाराआडून आवाज आला, "पेढे खिडकीत ठेव. आणि श्वास घेऊन बोल, घाई करू नकोस." मी खिडकीत पुडा ठेवला आणि पायरीवर बसून रडलो.

त्याच वर्षी त्यांच्या बहिणीनं त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. तिथं फोन देत नसत, म्हणून मी दर आठवड्याला पत्र लिहायचो. त्यांचं उत्तर दोन ओळींचं असायचं. ती सवय आम्हा दोघांना तिथून लागली. परत आल्यावर त्यांनी साधा बटणांचा फोन घेतला आणि रोज सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःची दाढी स्वतः करायचा नेम धरला, मिशीसकट. "वस्तरा थरथरला नाही की दिवस आपला," म्हणायचे.

पण दारू सुटली म्हणून काम मिळतं असं नसतं. मला वाटायचं, लोकांना कळलं की झालं. लोकांना कळलं होतं. एका निर्मात्यानं चहाला बोलावलं, खांद्यावर हात ठेवून फोटो काढला, 'ग्रेट भेट' म्हणून सगळीकडे टाकला आणि भूमिका दुसऱ्याला दिली. दुसरा म्हणाला, "माणूस सोन्यासारखा आहे हो, पण चारशे तिकिटं गेल्यावर हे आले नाहीत तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?" त्याचंही खोटं नव्हतं. सर ऐकून म्हणाले, "मी त्याच्या जागी असतो तर मलाही घेतलं नसतं." अशी दोन वर्षं गेली.

मग ज्या अभिनेत्रीनं वीस मिनिटं अंक ओढला होता, त्याच बाई आमच्या शहरात नाटक बसवायला आल्या. मी ऑफिस सुटल्यावर त्यांच्याकडे प्रॉम्प्टिंग करायचो, म्हणजे विंगेत संहिता घेऊन उभं राहायचं आणि कुणी अडकलं की पुढचं वाक्य हळूच सुचवायचं. त्यांना निवृत्त जमादाराच्या भूमिकेला नट हवा होता. मी सरांना घेऊन गेलो.

"मी तुला एकदा वीस मिनिटं ओढलंय," बाई म्हणाल्या. "आता नाही ओढणार. माझी कंबर गेली."

"ओढू नकोस. दर प्रयोगाला, तिसऱ्या घंटेआधी माझं तोंड हुंगायचं. दारूचा वास आला की प्रयोग रद्द. लोकांना मी स्वतः पडद्याबाहेर येऊन सांगेन आणि परत तुझ्या दारात येणार नाही."

"मी नाही हुंगणार बाबा. नवऱ्याचं कधी हुंगलं नाही."

"हा हुंगेल." सरांनी माझ्याकडे बोट केलं. "मेंढरांच्या घरचा आहे, नाक पक्कं आहे. शिवाय याला खोटं बोलता येत नाही. म्हणून तर नट न होता प्रॉम्प्टर झाला."

सगळे हसले. मीही हसलो. छाती फुगली होती माझी.

सहा आठवडे तालमी झाल्या आणि मी रोज हुंगलं. सर समोर बसायचे, "हाऽऽ" करून श्वास सोडायचे, डोळ्यांत डोळे घालून बघायचे. कधी चहा, कधी ज्येष्ठमध. बाई लांबून विचारायच्या, "आज काय?" मी म्हणायचो, "मेथीची भाजी." त्याचं हसू व्हायला लागलं आणि हसू झाल्यामुळे त्यातली लाज गेली.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी चारचा. वडील बिडकीनहून आले होते, धुतलेलं मुंडासं बांधून तिसऱ्या रांगेत बसले होते. नारळ फुटला, पहिली घंटा झाली, दुसरी झाली. मी रंगपटात गेलो. सर एकटेच होते, अंगात जमादाराचा कोट, ओठांवर जाडजूड पांढरी मिशी. त्या मिशीत मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. मी वाकलो. सरांनी श्वास सोडला.

स्पिरिटचा वास आला. तीव्र, नाकात चढणारा. कडी वाजत होती त्या दिवशी दाराच्या फटीतून आला होता तसाच.

सर माझ्याकडे बघत होते. "काय?"

"काही नाही, सर," मी म्हणालो.

विंगेत बाई उभ्या होत्या. त्यांनी फक्त भुवया उचलल्या. मी मान हलवली, "ठीक आहे." त्यांनी हात केला आणि तिसरी घंटा झाली.

पहिला अंक मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. संहितेवर माझ्या घामाचे ठसे अजून आहेत. मला वाटत होतं, ज्यांनी माझ्यासाठी बिडकीनच्या बाजेवर बसून शब्द टाकला, त्यांचा एवढा एक दिवस मी वाचवला. आणि त्याच वेळी वाटत होतं, आता हे पडतील, आणि चारशे लोकांसमोर पडतील, आणि त्यात माझा बापही असेल. एका ठिकाणी सर थांबले. तालमीत थांबायचे त्याहून जास्त थांबले. माझ्या तोंडाशी वाक्य आलं. तेवढ्यात त्यांनी कोटाचं तुटलेलं बटण चाचपलं आणि वाक्य इतकं हळू म्हटलं की शेवटच्या रांगेत कुणी खोकलं नाही. ते विसरले नव्हते. आठवत होता तो जमादार.

मध्यंतरात घामानं मिशीची एक बाजू सुटली. रंगभूषा करणारे चाचा जुन्या शहरातले, चाळीस वर्षं तोंडं रंगवणारे. त्यांनी खिशातून छोटी बाटली काढली, बूच उघडलं, आणि तोच वास. मी त्यांच्या हातातून बाटली घेतली आणि नाकाला लावली.

"कायको सूंघरा रे?" चाचा ओरडले. "गोंद है वो! मूँछ का गोंद!"

मिशी चिकटवायचा डिंक स्पिरिटमध्ये कालवलेला असतो हे नाटकातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं. आमच्या कॉलेजच्या नाटकांत मिशा काजळानं काढायचे. मी कपड्यांच्या पेटीवर बसलो आणि मला हसू आवरेना. एवढं हलकं मला पदवीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"यानं तासभर दारूच्या दुकानाच्या दारात उभं केलंय मला," सर चाचांकडे बोट करून म्हणाले. "प्रत्येक श्वासाला. दुसरं काही नाही का चिकटवायला?" मग माझ्याकडे वळले. "तुला नाही आला वास? तू तर हुंगलंस."

"सर्दी झालीय, सर."

त्यांनी माझ्या नाकाकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. चाचांनी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी शोधून मिशी बसवली, आणि दुसरा अंक सुरू झाला. त्याबद्दल मी लिहीत नाही. पडदा पडल्यावर वडील आत आले, सरांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आला म्हनायचा थोरला भाऊ परदेशाहून." सर त्यांच्या पाया पडायला वाकले. बाई पाठ फिरवून पडद्याच्या दोऱ्या बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्या शहरातल्या खोलीवर बाटलीभर काढा पाठवला. तुळस, आलं, मिरी. तो संपला तशी दुसरी बाटली. प्रत्येक प्रयोगाला विचारायचे, "सर्दी कशी आहे?" मी म्हणायचो, "कमी आहे." तोवर प्रयोग लागत गेले. एका मराठी मालिकेतून सरांना विचारणा आली, यावेळी कामाची. आणि मी रोज तो तिखट काढा घोटभर पीत होतो. पाचव्या प्रयोगानंतर मला राहवेना. तोंडानं सांगता आलं नसतं, म्हणून केंद्राच्या दिवसांसारखं पत्र लिहिलं. शहरातल्या शहरात पोस्टानं पाठवलं. ते असं:

ती. सरांस,

सा. न.

मला सर्दी झाली नव्हती. पहिल्या प्रयोगाला तुमच्या तोंडाला स्पिरिटचा वास आला होता. तो मिशीचा निघाला हे माझं नशीब, पण मला ते तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही प्यायलात असं समजून मी मॅडमना 'ठीक आहे' सांगितलं. तुमच्यावर संशय घेतला याचं मला फार वाईट वाटत नाही, कारण त्यासाठीच तुम्ही मला नेमलं होतं. वाईट याचं वाटतं की वास येऊनही मी गप्प बसलो. तुमचे उपकार फेडतोय असं मला वाटलं. तुम्ही खरंच प्यायला असता तर मी तुम्हाला परत त्या दाराआड ढकललं असतं आणि वर त्याला गुरुभक्ती म्हटलं असतं.

मला खोटं बोलता येत नाही असं तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात. आता ते खरं राहिलं नाही. तरी हे काम माझ्याकडेच ठेवा, अशी विनंती आहे. पुढच्या रविवारी जालन्याला प्रयोग आहे. मी हुंगेन आणि जे असेल ते सांगेन. वास आला तर मॅडमना सांगेन. तुम्ही पडद्याबाहेर जाल तेव्हा शेजारी उभा राहीन, नंतर घरी सोडायलाही मीच येईन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाढीचं पाणी तापवायलाही.

वडिलांनी विचारलंय, मालिका किती वाजता लागणार.

तुमचा विद्यार्थी

ता. क. काढा आता पाठवू नये. दोन्ही बाटल्या धुऊन ठेवल्या आहेत, जालन्याला येताना आणतो.