बायनाबाईचा हुंकार

धारूरच्या किल्ल्याखाली शेळ्या राखणाऱ्या बंकटला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती : बायकोचा हुंकार. निजामाच्या अंमलात माणसं जहागिरीसाठी झुरत, हा बाबा एका ‘हूं’साठी झुरायचा.

त्याचं असं, की दुपारी अंगणात बायका शेंगा फोडायला बसल्या की राक्षस-पऱ्यांच्या गोष्टी चालायच्या. ऐकणाऱ्यांतल्या एकीनं दर वाक्याला ‘हूं’ म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्ट तिथंच बंद. हा मान बंकटच्या बायकोचा, बायनाबाईचा. आणि ती बया हुंकार द्यायची तो पारखून. सीताफळं विकणारा चाँदभाई आपल्या गोष्टीत उडत्या पलंगावरून परी आणायचा, तेव्हा मात्र ‘हूं, हूं’ करताना तिचे हात शेंगांवर थांबायचे.

बंकटनं तोंड उघडलं, की तिचा खटला सुरू.

“एक राक्षस व्हता. त्याच्या डोक्यावर दोन शिंगं, अन् वरून पटका...”

“शिंगांवर पटका बसंल कसा?”

“राक्षस हाय त्यो!”

“आसंल. पटका तर आपल्यातलाच हाय न्हवं?”

गोष्ट बंद.

दुसऱ्या खेपेला त्यानं पटका काढून टाकला, तर राक्षस अख्खा किल्ला गिळून नदीत पोहायला उतरला. “किल्ला पोटात घिऊन? बुडला कावून न्हाई?” पुन्हा बंद. बायका खिदळायच्या. बंकट शेळ्या घेऊन निघायचा आणि डोंगरात नवा राक्षस घडवत बसायचा. खरं सांगायचं तर बाईचं चुकत नव्हतं. खोटं बोलायचं तर नीट बोलावं, एवढंच तिचं म्हणणं. पण ते नवऱ्याला चारचौघींतच कशाला सांगायचं, देव जाणे.

केस पिकले तरी बंकटनं हट्ट सोडला नाही. एका दुपारी तो म्हणाला, “एक राक्षस व्हता. लई मोठा. कुनाच्या दारातून आत मावायचा न्हाई. मग त्यो दिवस मावळला की एकेका घराच्या भिताडाला कान लावून बसायचा. आत मानसं काय बोलत्यात, ते ऐकायला.”

“हूं,” बायनाबाई म्हणाली.

बंकट आ वासून बघतच राहिला.

“मग? पुढं काय झालं?” तिनं विचारलं.

“पुढं?” बंकटला दरदरून घाम फुटला. “पुढं मी कवा गेलतोच न्हाई. तू जाऊच दिलं न्हाईस.”

बायका फिदीफिदी हसायला लागल्या. बायनाबाईनं एक नजर अशी टाकली, की सगळ्यांनी माना शेंगांत घातल्या. मग तिनं सूप बाजूला सारलं, नवऱ्याकडं तोंड करून मांडी घातली आणि म्हणाली, “हूं.”