चौऱ्याऐंशी सालचं फ्लायव्हील

“मामा, चूक तुझीच होती ना?”

हा प्रश्न माझा नाही. माझ्या वर्गातल्या तन्झिला आणि गार्गीनं माझ्याशी लावलेली पैज आहे. मधल्या सुट्टीत मी त्यांना सांगितलं, की रंगामामा हल्ली स्वप्नात येतो, पण मी तोंड उघडलं की निघून जातो. तन्झिला डब्यातून मान वर न काढता म्हणाली, “मग तो आल्या आल्या विचारून टाक की. आहे का हिंमत?” मला हिंमत विचारते!

रंगामामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. कोल्हापुरात, उद्यमनगरात, आमच्या घरापुढंच त्याचं गॅरेज. माझ्या सगळ्या सुट्ट्या तिथंच गेल्या. गेल्या वर्षी मामा वारला आणि मागे राहिली एक जुनी जपानी गाडी, रोटरी इंजिनाची. तिच्यात पिस्टन वरखाली होत नाहीत. दोन फुगीर त्रिकोण, म्हणजे रोटर, गरगर फिरतात. मामानं तिला नवं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मागचं जड चाक, बसवलं आणि तेव्हापासून जरा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की अख्खी गाडी थडथडायला लागली. सगळे म्हणाले, क्लच बघ. तीन क्लच प्लेटा बदलल्या, फरक शून्य. “रंगा शेवटाला चुकला,” असं अजून लोक म्हणतात. आईला ते ऐकवत नाही, म्हणून आज पाच वाजता भंगारवाला गाडी उचलायला येणार आहे.

मी जेवून गॅरेजमध्ये आलेय आणि गाडीच्या मागच्या सीटवर आडवी झालेय. वर पत्रा उन्हानं तडतडतोय. डोळे मिटतायत, उघडतायत, मिटतायत.

पुढच्या सीटवर मामा बसलाय.

“पाय खाली घे. कव्हर नवीन आहे.”

“मामा, चूक तुझीच होती ना?” मी एका दमात विचारते.

तो वळून बघतो. रागावत नाही. “व्हय,” म्हणतो. “पण नेमकी कुठली, ते कळायच्या आधीच गेलो बघ. लई रुखरुख आहे. तू शोध की.”

“मी? मी दहावीत आहे!”

“मग? दहावीतल्या पोरींना डोळे नसतात व्हय?”

तो दार उघडतो. बाहेर आमची न्हाणी आहे. वॉशिंग मशीन थडथडत, नाचत उंबऱ्यापर्यंत आलंय आणि मामा पालथ्या बादलीवर बसून कुस्ती बघावी तसं ते बघतोय.

“का नाचतंय गं?”

“चादर एका बाजूला गोळा झालीय.”

“मग तोल कसा करशील?”

“दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन टाकायचं.”

“आणि तू जाड सोलापुरी चादर समजून वजन टाकलंस, अन् आत निघाला पंचा?”

मी झाकण उघडते. आत कपडे नाहीत. दोन रोटर फिरतायत, चकचकीत, हलकेफुलके. मला एकदम आठवतं. रोटरांचा तोल राखायला फ्लायव्हीलच्या एका बाजूला मुद्दाम वजन ठेवतात, हे मामानंच मला शिकवलंय. नंतरच्या सालांच्या इंजिनांत रोटर हलके झाले, म्हणून ते वजनही कमी झालं, हेही त्यानंच.

“मामा, फ्लायव्हील मागवताना साल कुठलं सांगितलंस?”

“आरसी बुकातलं. चौऱ्याऐंशी.”

“ते गाडीचं साल! आधीच्या मालकानं इंजिनच बदललं असेल तर?”

मामा एवढ्या मोठ्यानं हसतो की न्हाणी उरतच नाही. आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत उभे आहोत आणि टेबलावर, परीक्षानळ्यांच्या मधोमध, ते इंजिन.

“चाळीस वर्षं पोरांच्या नावानं ओरडलो,” तो डोळे पुसत म्हणतो, “कागद बघू नका, लोखंड बघा! अन् स्वतः काय केलं? कागद बघितला!”

तो अंगठ्यानं इंजिनावरची मळी घासतो. खाली नंबर आहे, पण आकडे मुंग्यांसारखे पळतायत.

“मामा, वाचता येत नाहीये. थांब ना!”

“वाचायला मी कशाला पाहिजे? वजन बदललं की फ्लायव्हील बदलणार, अन् क्लच त्याच्याच मापाचा घ्यायचा. शाबास, शरू!”

मी धडपडून उठते. बॉनेट उघडं आहे. मी उघडलं नव्हतं. इंजिनावर चिकट काळ्या थरात एका रुंद अंगठ्याएवढी जागा लख्ख पुसलेली, आणि तिथं नंबर. सगळे आकडे जागच्या जागी! मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून आरसी बुक काढते. त्यातल्या इंजिन नंबराशी पहिली अक्षरंसुद्धा जुळत नाहीत. भिंतीवरच्या मामाच्या इंजिन नंबरांच्या तक्त्यात बघते: हे इंजिन नव्वद सालचं, आणि फ्लायव्हील चौऱ्याऐंशीचं!

मी माझे दोन्ही अंगठे उजेडात धरते. स्वच्छ आहेत.

मग मी धावतच सुटते. घर गॅरेजच्या मागेच. आई-बाबांचा चहा चाललाय.

“आई, बाबा, ऐका! भंगारवाल्याला चहा द्या आणि रिकाम्या हातानं परत पाठवा. मामाची चूक मला सापडली आणि ती मीच दुरुस्त करणार आहे. गाडी विकायची नाही!”