विमानाचे बूट

सातपूरच्या कारखान्यात साचे बनवण्यात रंगनाथराव तिडक्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं पारावर बसतात, नाहीतर नातेवाइकांची लग्नं जुळवतात. यांनी शेडमध्ये दोन सीटचं विमान बांधायला घेतलं. लोकांनी वेड्यात काढलं. पण परवानग्या मिळाल्या, विमान उडालं, आणि उडवलं कोणी? त्यांच्याच पायलट लेकीने, मनालीने! मग बोलणाऱ्यांची तोंडं आपोआप मिटली.

उणीव एकच होती. चाकं उघडी होती. उघडी चाकं वारा अडवतात आणि वेग खातात, म्हणून त्यांच्यावर फायबरची निमुळती टोपणं बसवतात. रंगनाथराव त्यांना बूट म्हणत. आपलं विमान अनवाणी हिंडतंय हे त्यांच्या जिवाला फार लागलं होतं.

विमान ठेवलं होतं नांदगावकडच्या एका खाजगी धावपट्टीवर. ती सांभाळणारा दीपक म्हणाला, "काका, बूट बाहेरून मागवा. घरचे पहिल्याच लँडिंगला निखळतील."

"निखळले तर विमानाला पुन्हा हात लावणार नाही!" रंगनाथराव बोलून बसले. स्वभावच तापट.

मग इरेला पेटून त्यांनी स्वतः साचा केला आणि तिन्ही बूट असे चापून बसवले, की टायर आणि काठ यांच्यामध्ये करंगळीही शिरू नये. दिसायला कसे, तर नवरदेवाच्या मोजड्या!

उड्डाणाच्या सकाळी त्यांच्या पत्नी सुवर्णाताईंनी विमानाला हळदकुंकू वाहिलं आणि तिन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं.

"अगं, हे विमान आहे, ट्रॅक्टर नाही!"

"चाकं आहेत ना? मग लिंबू लागणारच," बाई म्हणाल्या. त्यांच्यापुढे रंगनाथरावांचं कधी चाललंय?

दीपकने आणि रंगनाथरावांनी विमान ढकललं. लिंबं फुटली. डावीकडच्या लिंबाचा चोथा टायरला चिकटून वर गेला, बुटाच्या काठात अडकला, आणि चाक जागीच थांबलं. काठ कट्‌कन तडकला. दीपक पोट धरून हसला. "काका, विमान लिंबाला अडलं!"

रंगनाथराव बायकोवर ओरडायला वळले आणि त्यांची नजर धावपट्टीवर गेली. ती मुरमाची होती. मऊ लिंबाने चाक अडतं, तर भर वेगात खडा अडकल्यावर काय होईल? विमान नाकावर उलटेल. आत मनाली असेल. दिसण्याच्या हौसेपायी पोरीच्या जिवाशी खेळ झाला असता.

"आज उडायचं नाही," ते म्हणाले.

बूट पुन्हा सातपूरच्या शेडमध्ये आले. रंगनाथरावांनी त्यांची तोंडं ऐसपैस कापली, आतून फायबरचे जादा थर दिले. मोजडीची ऐट गेली. जाऊ दे! मग धावपट्टीवर नेऊन बूट पुन्हा बसवले आणि चाकं फिरवून त्यांच्यात मूठमूठ मुरूम टाकला. सगळा खाली गळला.

पुढच्या खेपेला मनाली उडाली. पहिल्या घिरटीतच रेडिओवर ओरडली, "पप्पा, काय पळतंय हो!" पण रंगनाथरावांचा जीव धावपट्टीत अडकला होता. विमान टेकलं, धुरळा उठला, खडे बुटांवर ताडताड वाजले. विमान सरळ धावत आलं आणि थांबलं. इंजिन बंद होताच ते धावले, गुडघ्यांवर बसले, प्रत्येक बूट दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिला. एकही हलेना.

"काका, मानलं तुम्हाला! बाहेरच्या बुटांनासुद्धा..." दीपकने कौतुक सुरू केलं. पण ते ऐकायला रंगनाथराव होते कुठे? ते शेजारच्या सीटवर चढून पट्टा आवळत होते.

"चल," ते लेकीला म्हणाले, "आता मला ने."