रोमला हरलो त्या दिवशीचा कौल

माझी बायको गेली त्याला आता एक पावसाळा उलटला. घरात जेवायची दोन ताटं होती. त्यातलं एक मी फळीवर पालथं घालून ठेवलंय. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण बोलायला घरात कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो. लिहायचं आहे ते एकाच दिवसाबद्दल. त्या दिवशी आपला देश रोमला हॉकीत हरला.

साठ सालची गोष्ट. आमचं गाव खाडीच्या काठावर, मालवण खाडीपलीकडे. आता पूल झालाय, तेव्हा होडीशिवाय रस्ता नव्हता. माझी स्वतःची होडी होती. मासे मारायचे आणि थोडी भातशेती करायची, एवढाच माझा धंदा. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि बायकोला पहिल्यांदाच दिवस गेले होते. आठवा लागला होता.

हॉकीचं वेड आमच्या गावाला कसं लागलं ते सांगतो. मुंबईच्या गोदीत नोकरी करून परत आलेल्या एकाने गावात किराणा दुकान घातलं होतं, आणि त्याच्याकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. पावसाच्या दिवसांत होड्या वर ओढलेल्या असल्या की आम्ही सगळे त्याच्या पडवीत. कापलेल्या भाताच्या मळ्यात आम्ही स्वतःसुद्धा हॉकी खेळायचो. वाकड्या फांद्यांच्या काठ्या आणि झाडावरून गळून वाळलेल्या कोवळ्या नारळाचा चेंडू. मी मागे राहून अडवायचो. माझ्या नडग्यांवरचे वण अजून आहेत. मी जन्मल्यापासून या खेळात आपण ऑलिंपिकात कधी हरलो नव्हतो. बाकी कशात आपलं नाव नव्हतं, यात होतं. त्यामुळे रोमला शेवटची मॅच, आणि तीही पाकिस्तानबरोबर, म्हटल्यावर आठ दिवस गावात दुसरा विषय नव्हता.

चतुर्थीचा गणपती जाऊन पितृपक्ष लागला होता. त्या दिवशी सकाळी बायको पाणी भरून आली आणि उंबऱ्यातच बसली. पोटात कळ होती आणि लुगड्याला रक्त लागलं होतं. आईने सुईणीला बोलावलं. ती म्हातारी, माझाही जन्म तिच्याच हातचा. तिने आत जाऊन बघितलं, बाहेर येऊन हात धुतले आणि मला म्हणाली, "ह्या माझ्या हातातला न्हय. भरती आसा तवसर होडी सोड. मालवणाक ने."

भरती दुपारी पुरी व्हायची होती. तीन-साडेतीनपर्यंत पाणी पुरलं असतं. नंतर ओहोटी लागली की आमच्या बाजूला नुसता चिखल, गुडघ्याच्या वर. होडी निघायची नाही. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आई म्हणाली की पितरांच्या पंधरवड्यात, भरल्या पोटाची बाई खाडीतून हलवायची तर आधी देवाला विचार. आमच्याकडे कौल लावल्याशिवाय कोणी काही करत नाही. घर बांधायचं, जाळं टाकायचं, मुलगी द्यायची, सगळ्याला कौल. गुरव ओल्या कळ्या देवाच्या छातीवर दोन्ही बाजूंना चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची कळी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावीकडची पडली तर नाही.

मी देवळात गेलो तर तिथे अर्धा गाव जमलेला. दुकानदाराने गुरवाला गाठलं होतं आणि रोमच्या मॅचचा कौल मागितला होता. गुरव कुरकुरत होता, असल्या गोष्टीला देवाला त्रास देत नाहीत म्हणत होता, पण त्यालाही ऐकायचं होतंच. मला बघून तो म्हणाला की तुझं काय असेल ते आधी सांग. मी म्हटलं, त्यांचं होऊ दे. माझ्यामुळे खोळंबा नको.

गुरवाने हात जोडले आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज सातासमुद्रापलीकडे आमचे जे झिलगे काठये घेवन खेळतत, तेंची लाज राख रे म्हाराजा."

आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "होय म्हाराजा."

कळी उजवी पडली. लोक हसले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या आणि रेडिओची बॅटरी बघायला गेले. मग माझा कौल लागला. बायकोला होडीने मालवणाला न्यावी काय, असं गुरवाने विचारलं. कळी डावी पडली.

घरी येऊन सांगितलं. आईने देवाच्या दिशेने हात जोडले. सुईणीने आपलं फडकं झटकलं आणि आत जाऊन बसली. बायको चटईवर कुशीवर होती. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "तुमी काय म्हणतास?"

मी म्हटलं, "देवान डावो दिल्यान."

ती म्हणाली, "देवाचा आयकलंय. तुमी काय म्हणतास?"

मी उठून पडवीत जाऊन बसलो. आमच्या पडवीतून खाडी दिसते. पाणी काठोकाठ होतं आणि माझी होडी दोरीला हलत होती. मी ते पाणी उतरताना बघितलं. आधी काठावरचे दगड उघडे पडले, मग होडीची एक बाजू टेकली.

दुपारनंतर तिच्या कळा थोड्या कमी झाल्या. आई म्हणाली, बघ, देवाला कळतं. दिवे लागल्यावर मी म्हटलं, जरा जाऊन येतो. कुठे ते कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

दुकानाच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. रेडिओत काय बोलतात ते फक्त दुकानदाराला कळायचं, तेसुद्धा अर्धंच. बाकीचे आम्ही रेडिओकडे बघतच नव्हतो, त्याच्या तोंडाकडे बघत होतो. सुरुवातीलाच त्याचं तोंड पडलं. पाकिस्तानने गोल केला होता. कोणीतरी म्हणालं, गप बसा, उजवा पडलाय, आपले दोन होतील. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. मध्यंतर झालं, चहा फिरला. रेडिओचा आवाज समुद्रासारखा वरखाली व्हायचा. दुकानदार मधे मधे हात वर करायचा, आम्ही श्वास रोखून धरायचो, आणि तो हात खाली घ्यायचा. शेवटपर्यंत आमचा एकही गोल झाला नाही.

त्याने रेडिओ बंद केला. बॅटरी वाया घालवायची नव्हती. मग कोपऱ्यातून एकजण गुरवाला म्हणाला, "काय रे, तुझो देव कोणाच्या बाजून खेळा होतो?"

लोक हसले. रडण्यापेक्षा बरं म्हणून हसतात तसे. गुरवही हसला. मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात तेव्हाच घुसलं की उजवा खोटा पडला तर डावा कशावरून खरा? मी चपला तिथेच टाकून घराकडे पळालो.

पडवीतच आईचं रडणं ऐकू आलं. सुईणीने मला बघितलं आणि एवढंच म्हणाली, "इलस?" बायकोचा हात थंड होता. चटईखालची जमीन ओली होती.

मी परत दुकानाकडे धावलो आणि माणसं मागितली. मघाशी हरल्यामुळे मान खाली घालून बसलेली ती सगळी माणसं एका हाकेला उठली. वाशाला घोंगडी बांधून झोळी केली. पुढचा खांदा गुरवाने घेतला. न सांगता घेतला. भरती कोणासाठी थांबत नाही, तशी लवकर येतही नाही. चिखलात एकेक पाय उपसून टाकत आम्ही तिला पाण्यापर्यंत नेली. दुसरे चारजण होडी ओढत होते. मळ्यात हॉकी खेळायचो तीच ही माणसं. तिने एकदाही ओरडून त्रास दिला नाही. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मालवणच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा फटफटलं होतं. मुलगी झाली. मेलेलीच झाली. बायकोला डॉक्टरीणबाईंनी वाचवलं, पण यापुढे मूल होणार नाही असं सांगितलं. मग त्या बाईंनी मला खाटेजवळ उभं करून विचारलं, "काल दुपारी का नाही आणलंत? कालच आणायला हवी होती."

देवाचं नाव घ्यायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "दुपारी भरती नव्हती, बाई."

बाई शहरातल्या. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. बायको खाटेवर डोळे उघडे ठेवून पडली होती. तिचा बाप, आजा, सगळे मासे मारणारे. आज भरती किती वाजता हे ती झोपेतही सांगू शकायची. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या खोट्याबद्दल ती जन्मात कधी बोलली नाही. मीही बोललो नाही.

मुलीला मी तिथेच किनाऱ्याजवळ पुरली. मला जागा दाखवता येणार नाही, आता तिथे घरं झालीत.

त्यानंतर आम्ही दोघं जगलो. वाईट जगलो असं म्हणणार नाही. ती जाळी विणायची, भात लावायची, मला वेळेवर जेवायला घालायची. मी दुकानाच्या पडवीत जायचं सोडलं. चार वर्षांनी टोकियोला आपण पाकिस्तानला हरवून सोनं परत आणलं. भात झोडायचे दिवस होते. आम्ही खळ्यावर असताना दुकानदार स्वतः साखर वाटत आला. मला मिठी मारली, तिच्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाला, वहिनी, भरून काढलं बघा सगळं. तो मनाचा वाईट नव्हता. त्याच्या लक्षातही आलं नाही.

तो गेल्यावर तिने साखर कोंबड्यांना टाकली. पेंढी उचलली आणि म्हणाली, "तेंका चार वर्सांनी परत खेळूक गावला."

एवढंच. मग फळीवर पेंढी आपटली. त्या दिवशी काळोख होईपर्यंत ती झोडत होती.

या वर्षी ती आजारी पडली तेव्हा शेजारचे म्हणाले, एकदा कौल लावून बघ. मी त्यांना शिव्या दिल्या. सरळ गाडी बोलावली आणि पुलावरून दवाखान्यात नेली. अर्ध्या तासात पोचलो. चौथ्या दिवशी ती गेली. कौल न लावताही गेली.

वर कौलाचं लिहिलं त्यात मी एक गोष्ट गाळली. ती आता लिहितो. त्या दिवशी कळी डावी पडल्यावर गुरवाने माझ्याकडे वळून विचारलं होतं की परत लावू काय. जिवाचा प्रश्न असला की कौल दोनदा लावायची आमच्याकडे रीत आहे. देवळात तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी नको म्हटलं. दुसऱ्यांदा उजवा पडला असता तर मला होडी सोडावी लागली असती, मालवणाला जावं लागलं असतं आणि मॅच चुकली असती. डावा पडला तेव्हा मला बरं वाटलं होतं. गुरव हे कोणाला न सांगता मेला. झोळीचा पुढचा खांदा त्याने का घेतला ते मला कळत होतं.

तिच्या दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे माडावर बसलेले, पण एकही खाली उतरेना. तिचा भाऊ पुढे झाला, हात जोडले आणि म्हणाला की भावोजींका आमी बघू, तू काळजी करू नको. कावळा हलला नाही. माझी पुतणी म्हणाली, तुझ्या तुळशीला रोज पाणी घालीन. कावळा हलला नाही. ऊन चढत चाललं होतं. भटजी मला म्हणाले, तुमच्या मनात काय असेल ते तुम्ही बोला.

मी पिंडाजवळ जाऊन बसलो. लोकांना ऐकू जाणार नाही असं बोललो.

"गुरवान परत लावू काय म्हणान इचारलेल्यान. मीच नको म्हटलंय. भरती होती."

मग वाट बघितली. माडावरचा एक कावळा उडाला आणि खाडीपलीकडे गेला. बाकीचे तिथेच बसून राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. रीत आहे ती, कोणाचं काही अडत नाही. लोक आंघोळीला उठले. भाऊ म्हणाला, चला भावोजी, पाणी उतरतंय, मग चिखलात उतरावं लागेल.

मी उठलो आणि त्याच्या मागून पाण्याकडे गेलो.