बाहीतला हात

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात बारा मशिनं होती आणि बाह्यांचं काम एकटीकडे होतं. सगळे तिला बाहीवालीच म्हणत. तिने बसवलेल्या बाहीला खांद्याच्या जोडावर, मुंढ्यात, एक चुणी यायची नाही. वीस वर्षं तिने दुसरं काही शिवलंच नव्हतं म्हणा ना.

घरी तिची आई होती. लकव्याने आईचा डावा हात कोपरात दुमडून आखडला होता. रोज सकाळी कामावर निघण्याआधी ती आईला कपडे घालायची. हात बाहीत घालताना आई कळवळायची. "अगं हळू, मोडेल तो."

"आई, जरा कळ काढ ना, मला उशीर होतोय," असं म्हणत ती हात ओढायची. चौदा महिने हे चाललं. मग एका सकाळी आई उठलीच नाही.

पंधरवड्याने ती कामावर परतली. पहिल्याच शर्टाची बाही सुईखाली सरकवली आणि तिची बोटं थबकली. बाही रिकामी नव्हती. आत कोपर लागत होतं. दुमडलेलं, ताठ, किंचित गार. तिने बाही उलटी करून झटकली. काहीच नव्हतं. पुन्हा सुईखाली घेतली, पुन्हा कोपर.

आठवडाभर हेच. उजवी बाही मुकाट शिवली जायची, डावीत मात्र हात असायचाच. तिच्या पुढ्यात डाव्या बाह्यांचा ढीग साचला आणि मुकादम कुरकुरू लागला. सांगणार कोणाला? आई गेली आणि हिच्या डोक्यावर परिणाम झाला, असंच म्हटलं असतं लोकांनी.

शेजारच्या मशिनवर काज करणाऱ्या मावशी बसत. अकरा वर्षं दोघी डबा एकत्र खात होत्या. एका दुपारी डब्याचं झाकण लावत मावशी म्हणाल्या, "बोल आता. आठ दिवस बघतेय, डावी बाही हातात आली की तुझा चेहरा पांढरा पडतो."

तिने सगळं सांगितलं. मावशी हसल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत. त्यांनी विचारलं, "नेमका कुठे अडतो?"

"काय?"

"हात गं. बाहीत कुठे अडतो?"

"कोपरात. मुंढ्यातून खाली येतो आणि मग अडतो."

"मग बाही शिवायचीच कशाला? आईचा एखादा गाऊन आण आणि गळ्यापासून मनगटापर्यंत उसवून टाक. टिचबटणं लावू."

दुसऱ्या दिवशी ती आईचा एक गाऊन घेऊन आली. जेवणाच्या सुट्टीत तिने शिवण उसवून पट्टी जोडली, मावशींनी बटणं ठोकली. मग मावशी स्वतःच हात दुमडून, ताठ करून स्टुलावर बसल्या. "घाल." तिने गाऊन अंगावर पांघरला, खांद्यापासून एकेक बटण दाबत आणलं. मावशींचा हात जागचा हललाही नाही.

"झालं?"

"झालं," ती म्हणाली आणि मशिनवर डोकं टेकून रडली. पाऊण तासाचं काम होतं. आयुष्यभर बाह्या बसवणाऱ्या बाईला ते चौदा महिन्यांत सुचलं नव्हतं.

तिला वाटलं, आता तरी बाही रिकामी होईल. झाली नाही. उलट आता त्या कोपराबरोबर एक प्रश्नही यायचा. तेव्हा का नाही सुचलं?

तो गाऊन कारखान्यातल्या इस्त्रीवाल्या काकांनी पाहिला. त्यांचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळला होता. "असा एक सदरा द्याल का करून?" दोघींनी हौसेने करून दिला, पडल्या पडल्या घालता यावा म्हणून पाठीवरही बटणं लावून. चौथ्या दिवशी काका तो परत घेऊन आले. "मागची बटणं रुततात हो. पाठीवर वळ उठलेत."

पुन्हा एका न हलणाऱ्या माणसाला आपण दुखवलं! ती सदरा फेकूनच देणार होती. मावशींनी तो तिच्या हातातून काढून घेतला. "पाठ कोरी ठेवू. सगळं बगलेला घेऊ." वेल्क्रो लावला, तर तो फर्रकन उघडताना भाऊ दचकायचा. शेवटी खांद्यावर बटणं आणि बगलेला सपाट नाड्या, असं ठरलं. प्रत्येक नमुना काका भावाला घालून बघत. भावाला बोलता येत नसे, पण त्याच्या भुवया काय म्हणाल्या ते काका कारखान्यात येऊन साभिनय सांगत.

वर्षभरात तिघांनी नोकरी सोडली आणि इस्पितळामागच्या गल्लीत एक खोली घेतली. पाटी काकांनी रंगवून आणली: 'हात न उचलता घालायचे कपडे'. गिऱ्हाइकं येत गेली. एकजण वडिलांसाठी सदरे घेताना सहज म्हणाला, "एवढं सोपं, कुणाला आधी सुचलं कसं नाही?" ती मान खाली घालून घडी घालत राहिली. मावशींनीच त्याला वाटेला लावलं.

नवं काही सुचावं म्हणून ती दुकानात बसून राहायची नाही. सकाळी लोकांच्या घरी जायची, कोपऱ्यात बसून आजाऱ्याला कपडे घालताना बघायची. कुठे चेहरा आक्रसतो, ते वहीत लिहायची. त्या खोल्यांतला औषधांचा वास, ओल्या टॉवेलचा वास, आणि प्रत्येक खाटेवर तिला आईच दिसायची.

"कशाला जीव जाळून घेतेस?" मावशी म्हणायच्या.

"कुठे दुखतं ते तिथेच दिसतं, मावशी."

एका घरी सून सासऱ्यांना नवा सदरा घालत होती. म्हातारे पूर्वी पोस्टमन होते. सदरा नेमका बसला. त्यांनी चालत्या हाताने छाती चाचपली. "खिसा कुठाय?"

"बाबा, पडून तर असता. खिशात काय ठेवणार?" सून म्हणाली.

"ते माझं मी बघेन."

बाहीवालीने सदरा तिथेच परत मागितला. आडवं झाल्यावरही उलटणार नाही असा, झाकण असलेला खिसा लावून त्याच दिवशी नेऊन दिला.

पुढच्या आठवड्यात ती गेली तेव्हा खिसा फुगलेला होता. तिने विचारलं नाही. ती बघतेय हे लक्षात येताच म्हाताऱ्यांनी त्यावर तळवा घट्ट दाबला. उतरताना ती जिन्यात बराच वेळ उभी राहिली. तुला काय जवळ ठेवायचंय, असं तिने आईला कधी विचारलंच नव्हतं.

दुकानात येऊन ती म्हणाली, "आजपासून प्रत्येकाला खिसा."

"केवढा?" मावशींनी विचारलं.

तिला सांगता येईना. तिने आपली मूठ मिटून कापडावर ठेवली. मावशींनी खडू घेतला आणि मुठीभोवती रेघ ओढली.