पडलं किती, लागलं किती

शरद देवरे गेल्याचा फोन आला तेव्हा द्वारका चौकाजवळच्या माझ्या फोटो स्टुडिओत मी एका नवरदेवाची हनुवटी वर करत होतो. दुपारी जेवून आडवा झाला आणि उठलाच नाही, हार्ट अटॅक... मी नवरदेवाला म्हटलं, आता नका हसू, आणि दुकान बंद केलं. स्मशानात माझ्या मागे दोघं कुजबुजत होते, रेडिएशनचं काम होतं ना, आज ना उद्या हे व्हायचंच. देवरेच्या कानावर पडलं असतं तर तो उठून बसला असता आणि त्याने विचारलं असतं, "किती? कुठल्या एककात?" तो उठत नाही असं दिसल्यावर हिशेब मांडायचं ते काम माझ्याकडे आलं.

देवरे अंबडच्या एका कारखान्यात पाइपांचे वेल्डिंगचे सांधे तपासायचा. सांध्याच्या एका बाजूला किरणांचा स्रोत, दुसऱ्या बाजूला फिल्म, आणि माणूस जाड भिंतीमागे. फिल्म धुवायच्या रसायनांवरून आमची ओळख झाली आणि पहिल्याच दिवशी त्याने मला भाऊबंद ठरवून टाकलं. म्हणाला, "तू नवरा-नवरीच्या सांध्याचे फोटो काढतोस, मी पाइपांच्या. माझ्या सांध्यात खोट निघाली तर कापून परत जोडता येतं."

एककांचं त्याला वेड होतं. कारखान्यातले जुने लोक रॅड आणि रेम म्हणायचे, कोस म्हणावं तसं. नवे आकडे ग्रे आणि सिव्हर्टमध्ये यायचे. मला फरक कळेना, तेव्हा त्याने जेवता जेवता शिकवणी घेतली. "अंगावर पडलं किती ते ग्रे. अंगाला लागलं किती ते सिव्हर्ट. समज, साहेब आणि माझी सासू मला एकच वाक्य बोलले. ग्रे सारखेच. पण सासू म्हणजे अल्फा किरण, तिचे सिव्हर्ट वीसपट." त्याची बायको, सुमनवहिनी, तिथेच पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही, पण पुढची पोळी त्याला करपलेली मिळाली.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मे महिन्यात पत्र्याखाली पाइप मांडताना घामाने भिजलेला शर्ट त्याने काढला, शेजारच्या स्टँडवर अडकवला आणि बनियनवरच बाहेर आला. भिंतीमागून काम उरकलं. जोडीदार तेव्हा आधीची फिल्म धुवायला गेलेला. आणि छातीवरचा बिल्ला, माणसाला किती किरण मिळाले ते टिपणारा, त्या शर्टालाच होता! शर्ट परत घालताना ध्यानात आलं, तसा तो स्वतः जाऊन साहेबांना सांगून आला. बिल्ला तपासणीला गेला आणि आकडा आला तो वर्षभरात चालतं त्याच्या कितीतरी पट. शर्ट अंगात नव्हता हे सांगणारा एकटा देवरे. साहेबांनी त्याचं काम थांबवलं आणि रक्त मुंबईला पाठवलं. किरण खरंच लागले असतील तर रक्तातल्या पेशींत गुणसूत्रांची मोडतोड दिसते म्हणे.

वहिनींना तेव्हा दिवस होते. पेठ गावाहून त्याच्या सासूबाई आल्या, पहिलं बाळंतपण माहेरीच असतं म्हणाल्या आणि लेकीला घेऊन गेल्या. इतक्या लवकर का, हे कुणी विचारलं नाही. देवरे उसनं हसायचा. एका रविवारी म्हणाला, चल पेठला.

तिथे माझं पान आत मांडलं होतं आणि जावयाचं अंगणात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी. "कोंबड्यांना चालतो वाटतं मी," तो मला म्हणाला, पण घास उचलेना. सासूबाई दारातूनच बोलल्या, "जावईबापू, राग नका मानू. पोटात लेकरू हाय. तुमच्या अंगातून काय निघत असंल, आम्हाला काय दिसतंय?" त्याच्या वतीने मीच सुरू केलं, दिवसभर उन्हात बसलेला माणूस रात्री उजेड देतो का वगैरे. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता माझंही पान बाहेर येतंय असं वाटलं.

मग वहिनी बाहेर आल्या.

"शर्ट कुठं होता?"

"पाइपापाशी."

"आणि तुम्ही?"

"भिंतीमागं."

"मग लागलं कुणाला?"

"शर्टाला..."

त्या आईकडे वळल्या. "मग शर्टाला जेवू घालू अंगणात. यांचं ताट आत घे."

रक्ताचा निकाल यायचा होता अजून. वहिनींनी त्याची वाट पाहिली नाही. संध्याकाळच्या एसटीने आम्ही तिघं परत निघालो. सासूबाईंनी नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ बांधून दिलं, फक्त हात जरा लांब करून.

निकाल चांगला आला. देवरे कामावर गेला. मुलगी झाली, ठणठणीत; आता कॉलेजात आहे आणि बोलायला थेट आजीवर गेली आहे. सासूबाई पुढे जावयाला शेजारी बसवून आग्रहाने वाढायच्या, तेव्हा तो मला डोळा मारायचा.

पेठहून आल्यावर वहिनींनी एक रीत सुरू केली. तो उंबरा ओलांडायला लागला की आतून हाक यायची, "बिल्ला?" तो छातीवर हात ठेवायचा, "अंगावर." रविवारी भाजीला निघाला तरी तेच, लग्नाला निघाला तरी तेच. पाहुणे चमकायचे. या दोघांना मजा वाटायची.

परवा मी देवरेच्या घरी जाऊन आलो. त्याची खुर्ची रिकामी होती, चहा नेहमीसारखा गोडमिट्ट. वहिनी स्वयंपाकाला लागल्या, तसा मी उठलो, दारात चप्पल घातली. आतून लाटण्याच्या आवाजातच हाक आली, "बिल्ला?"

लाटणं थांबलं. माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात मोबाइल होता. त्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "अंगावर."

जरा वेळाने लाटणं पुन्हा फिरायला लागलं.